आपलीच जागा

मंगळवारी सकाळी सव्वासहाला मागच्या अंगणात दोरी दिसली. पांढरी, सुती, चांगल्या पिळाची. दोन टोकांना दोन खुंट्या ठोकलेल्या आणि मधे दोरी अशी ताणलेली, की बोटानं छेडली तर वाजेल. सोमवारी अंधार पडेपर्यंत ती तिथे नव्हती, एवढं नक्की. कारण तोवर वहिनी त्याच जमिनीत खत कालवत होती.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. गल्लीत तिला सगळे चष्मेवाली वहिनी म्हणत. वेडंवाकडं काही खपवून न घेणारी नजर, अशी तिची ख्याती. त्या नजरेनं तिनं दोरी पाहिली. दोरी सरळ होती. नव्यानं खणलेल्या पट्ट्याच्या बरोबर मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. कुणी बांधली हे उघड होतं. पट्ट्याच्या पलीकडे एकच घर होतं आणि त्या घरात एकच माणूस राहत होता. कशासाठी बांधली, ते कळत नव्हतं. दोरी बांधतात ती एक तर हद्द आखायला, नाही तर रोपं एका ओळीत यावीत म्हणून.

ती पायात चप्पल न घालताच बराच वेळ उभी राहिली. मग आत जाऊन सासूला म्हणाली, "आई, जरा बाहेर येऊन बघता का?"

दोन्ही घरं पाठीला पाठ लावून उभी होती. दोन्ही अंगणांच्या मधे पूर्वी झुडपांचं दाट कुंपण होतं, इतकं जाड की त्यात मांजर व्यायली तरी पत्ता लागत नसे. गेल्या वर्षी त्याला कसलीशी कीड लागली आणि ते टोकापासून वाळत गेलं. थंडीत दोन्ही घरांनी मिळून ते तोडलं. मुळं निघाली तेव्हा खाली एक पट्टा उघडा पडला. खाट आडवी टाकता येईल एवढा रुंद, काळ्याभोर मातीचा. वहिनीच्या स्वतःच्या अंगणात अकरापर्यंत शेजारच्या इमारतीची सावली. या पट्ट्यावर मात्र उन्हं सकाळी जी येत ती कलेपर्यंत हलत नसत. फुलं लावणाऱ्या बाईनं असा तुकडा बघितला की तिचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

कुंपण तोडलं त्याच दिवशी, फांद्यांच्या ढिगाशेजारी हात झटकत, पलीकडचे काका ते वाक्य बोलले होते. वहिनी, सासू आणि नवरा, तिघंही तिथेच उभे होते. तिघांनीही ते नीट ऐकलं.

"ही जागा आता आपलीच," काका म्हणाले. "आपण इथे काहीतरी छान लावावे."

आता काका कोण, तर निवृत्त निवेदक. उभी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात गेली. गल्लीत त्यांना रेडिओकाकाच म्हणत. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ते 'आपण' म्हणत. "आपण आज पाव लिटर जास्त द्यावे," असं ते दूधवाल्याला सांगत आणि दूधवाला पहिल्यांदा मागे वळून आपल्यामागे कोण आहे ते बघून गेला होता, अशी गोष्ट गल्लीत अजून सांगत. शिवाय आवाज. पूर असो की पारितोषिक, त्यांनी सगळं एकाच आवाजात वाचलेलं. तो आवाज घरीही तसाच राहिला. त्यावरून माणूस खूश आहे की दुखावलाय याचा थांग लागत नसे.

वहिनीनं त्या वाक्याचा अर्थ घेतला तो असा, की काका तिला म्हणाले, जागा तुमचीच समजा, तुम्ही लावा काहीतरी. ते तिला 'आपण'च म्हणत आले होते, मग दुसरा अर्थ कुठला? त्या रात्रीपासून ती कामाला लागली. दुकानातून चौकटीचा कागद आणला आणि त्यावर पट्टा आखला. मागे उंच डेलिया, प्रत्येकीला काठीचा आधार. पुढे स्नॅपड्रॅगन, त्यांचे शेंडे वेळेवर खुडायचे म्हणजे एकीच्या चार दांड्या होतात. कडेला झिनिया, पण एकदम नाही पेरायच्या. थोड्या थोड्या, दर पंधरवड्याला एक ओळ, म्हणजे सगळी फुलं एकाच आठवड्यात येऊन मग शुकशुकाट नको. मधून पाऊल टाकण्यापुरती वाट. बादली ठेवायची जागासुद्धा तिनं आखली.

एवढी तयारी घरच्या फुलदाणीसाठी नव्हती. बाजारातल्या फुलवालीशी तिचं बोलणं झालं होतं. गेल्या वर्षी वहिनीची फुलं तिनं बघितली, दांडा हातात घेऊन वाकवून पाहिला आणि म्हणाली, दर शुक्रवारी दोन बादल्या भरून आणणार असशील तर बोल, एका बादलीचं मला काही होत नाही. जुन्या वाफ्यांतून एकच बादली निघे. दुसरी त्या पट्ट्यातून निघणार होती. वहिनीनं दुकानाच्या मालकांशी बोलून शुक्रवारची अर्धी सुट्टीही मागून ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, नोकरीला त्याहून जास्त. आजवर तिनं घासलेली प्रत्येक काच दुसऱ्याच्या डोळ्यावर गेली होती. शुक्रवारची ती बादली तिची स्वतःची असणार होती. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फुलवालीला शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि खाटेखाली, लाकडाच्या भुशानं भरलेल्या खोक्यात, डेलियाचे कंद कोंब काढून बसले होते. त्यांना आणखी थांबवणं शक्य नव्हतं.

सासू पदरानं हात पुसत बाहेर आली. दोरी बघून तिनं लगेच निकाल दिला.

सासू टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. हजारो माणसांचे आवाज कानात घेतलेली बाई. कोण खरं बोलतोय आणि कोण बायकोला फसवतोय हे आपल्याला पहिल्या हॅलोवरून कळायचं, असा तिचा दावा होता. तिचं म्हणणं पहिल्यापासून असं, की काका 'आपली' म्हणाले ते तुमची या अर्थानं नव्हे. आपली म्हणजे त्यांची आणि आपली मिळून. दोन्ही घरांनी मिळून तिथे काहीतरी लावायचं, असा त्यांचा बेत. एकटा माणूस आहे, सोबत हवी असणार. "आणि तू गेलीस फावडं घेऊन एकटीच," ती म्हणाली. "बिचारा वाट बघून बघून शेवटी दोरी बांधून बसला. रांग आखून दिलीय तुला. आता तरी हाक मार."

नवऱ्याचं तिसरंच. तो बस आगारात वेळापत्रकं बनवत असे आणि कुठलीही गोष्ट रकान्यात बसवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्याच्या मते काका त्या दिवशी कुणाशीच बोलत नव्हते, स्वतःशी बोलत होते. आता नोकरीतून मोकळा झालोय, जागा आपलीच आहे, आपण आपलं काहीतरी छान लावावं, असं माणूस मनाशी म्हणतो तसं. त्यात या घराचा संबंधच नव्हता. म्हणजे जागा त्यांची. आणि दोरी म्हणजे हद्द. पण ती मधून का गेली, असं वहिनीनं विचारलं, तेव्हा तो थोडा वेळ दाढीचा साबण तसाच ठेवून विचारात पडला. "भला माणूस आहे," तो शेवटी म्हणाला. "तू खणलंसच म्हटल्यावर अर्धी सोडली असेल."

वहिनी कामावर गेली. दिवसभर तिला कधी सासूचं पटे, कधी नवऱ्याचं. स्वतःचं मात्र आता मुळीच पटेना.

बुधवारी संध्याकाळी ती काकांकडे गेली. काका इस्त्रीचा शर्ट घालूनच दार उघडत. घरात एकटे असले तरी.

"यावे, यावे. आपण उभ्याने बोलू नये," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः चहा केला. खोलीत एक टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला, जुना रेडिओ आणि खिडकीत एक रिकामी कुंडी. खिडकीतून थेट तो पट्टा दिसत होता. वहिनीच्या लक्षात आलं, की गेले पंधरा दिवस ती खणत असताना प्रत्येक वेळी या खुर्चीतून ती दिसत असणार. तिनं दोरीचा विषय काढला.

"सरळ आहे ना?" काकांनी विचारलं. "नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही."

सरळ आहे, ती म्हणाली. कशासाठी लावली, असं तिनं विचारलं, तर दोरीशिवाय कुठलंही काम धड होत नाही, असं त्यांचं उत्तर. कुठलं काम, ते त्यांनी सांगितलं नाही. उलट तिलाच विचारलं, काय लावायचा विचार आहे. तिनं डेलियाचं सांगितलं. किती उंच होतात, त्यांनी विचारलं. तिनं स्वतःच्या खांद्यापाशी हात धरून दाखवला.

"म्हणजे आडोसा होणार," काका म्हणाले.

ते त्यांना आवडलं की नाही, हे त्यांच्या आवाजावरून कळेना. वहिनीनं चहाचा घोट घेतला. घरून निघताना तिनं ठरवलं होतं, की आडवळणं घ्यायची नाहीत. दुकानात गिऱ्हाईकाला विचारतो तसं विचारायचं, हे दिसतंय की ते. इतकं साधं.

"काका, मी सरळच विचारते. ती जागा तुमची की आमची?"

काकांनी कप बशीत ठेवला.

"तुमची. आमची," ते मग म्हणाले. परदेशातल्या अनोळखी गावांची नावं वाचावीत तसे त्यांनी ते दोन शब्द सावकाश, सुटे सुटे उच्चारले. "असं आहे होय." मग ते उठले, तिचा कप अजून भरलेला असताना उचलायला वाकले आणि पुन्हा बसले. "तसं असेल तर आपण मोजणी करून घ्यावी. म्हणजे प्रश्नच नको."

ती घरी आली तेव्हा सासू ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. काय म्हणाला, असं तिनं मान वर न करता विचारलं.

"मोजणी करून घ्यावी म्हणाले."

"कुणी?"

"आपण."

"आपण म्हणजे तू, की तो, की दोघं?"

वहिनीला ते सांगता येईना. तिनं काय विचारलं होतं ते सासूनं तिच्याकडून शब्दशः काढून घेतलं, आणि सुरी खाली ठेवली.

"तुमची की आमची, असं विचारलंस? अगं, तो माणूस आपली म्हणाला होता. एका शब्दाचे दोन तुकडे करून त्याच्या हातात दिलेस की."

नवरा म्हणाला, विचारलं ते बरंच झालं. निदान विषय तरी निघाला. मोजणी होईल तेव्हा होईल, तोवर दोरीच्या अलीकडची जागा आपली धरून चालायला हरकत नाही. तुझ्या आपलीत कोण कोण आहे ते आधी सांग, असं सासू म्हणाली, आणि जेवणं होईपर्यंत कुणी 'आपली' हा शब्द काढला नाही. मीठ मागतानासुद्धा सगळे जपून बोलत होते.

गुरुवारी सकाळी वहिनी कामावर निघाली तर काका फाटकापाशी होते. एरवी ते म्हणत, "आपण निघालात वाटतं." त्या दिवशी ते म्हणाले, "तुम्ही आज लवकर."

तुम्ही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती बस थांब्यापर्यंत गेली ती कशी, तिला आठवत नव्हतं. दुकानात तिनं एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. ती चूक तिनंच पकडली, गिऱ्हाईकापर्यंत जाऊ दिली नाही, पण मालकांनी पाहिलं आणि ते काही बोलले नाहीत. त्यामुळे तिला जास्त लागलं.

संध्याकाळी घरात त्या तुम्हीचा खल झाला. नवऱ्याला त्यात सुधारणा दिसली. आपणवरून माणूस तुम्हीवर येतो तो जवळीक वाढली की, असं तो म्हणाला. उद्या 'तू' म्हणतील. सासूनं कपाळाला हात लावला. जवळ येणारा माणूस फाटकातून हसून बोलतो, ती म्हणाली, हसला होता का? वहिनीला आठवेना. काका कधीच हसून बोलत नसत, रुसूनही बोलत नसत. तुम्ही म्हटलं की पलीकडे आम्ही आलंच, असं सासूचं म्हणणं. "तूच शिकवलंस त्याला ते. इतके दिवस त्याला येत नव्हतं." ती हे चिडून नाही, वाईट वाटून म्हणाली, आणि चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं.

मग माफी मागायला जावं का, यावर चर्चा. कशाची माफी मागणार? जागा त्यांची असेल तर खणल्याची मागायची. दोघांची असेल तर एकटीनं खणल्याची. आणि तिचीच असेल तर तुमची-आमची म्हटल्याची. तीन माफ्या होत्या आणि कुठली घेऊन जायची हे ठरत नव्हतं. शेवटी कुणीच गेलं नाही.

शुक्रवारी काका दिसलेच नाहीत. त्यांच्या खिडकीतून रेडिओ मात्र ऐकू येत होता.

शनिवारी दुपारी दुकान सुटल्यावर वहिनी फुलवालीकडे गेली. नाही सांगायचं, असं तिनं बसमध्ये ठरवलं होतं. जी जमीन कुणाची तेच ठाऊक नाही तिच्या भरवशावर शब्द कसा द्यायचा? फुलवाली गळ्यात कात्री अडकवून गुच्छाला दोरा गुंडाळत होती. तिनं दोरा दातात धरूनच भुवई उंचावली. गावाबाहेरची एक बाई विचारून गेलीय, असं मग तिनं सांगितलं. फुलं बरी आहेत तिची, पण दांडे लुळे. मला तुझे दांडे आवडतात. "एक की दोन ते सांग. एक म्हणालीस तर तिला हो म्हणते, राग नाही."

"दोन," वहिनी म्हणाली.

बाहेर आल्यावर तो शब्द तिच्याच कानात वाजत राहिला. आपण असं का म्हणालो याचा तिनं बसमध्ये विचार केला. समाधानकारक कारण सापडलं नाही.

घरी येऊन तिनं खाटेखालचं खोकं ओढलं. सासू स्टूल घेऊन अंगणात आली. पट्ट्याच्या अलीकडच्या अर्ध्या भागात, दोरीला पाय न लागू देता, वहिनीनं आधी काठ्या रोवल्या. कंद लावल्यावर काठी रोवली की ती नेमकी कंदातून आरपार जाते, हे ती गेल्या वर्षी शिकली होती. मग प्रत्येक काठीशेजारी वीतभर खोल खड्डा, कोंबाचा डोळा वर करून कंद, वर भुसभुशीत माती. सासू एकेक कंद पुढे करत होती. काकांची खिडकी उघडी होती. पडदा दोनदा हलला. वारा होता, त्यामुळे त्याचा काही अर्थ लावता येत नव्हता.

अलीकडची बाजू भरली तेव्हा खोक्यात अर्धे कंद उरले होते. दुसऱ्या बादलीला तेही लागणारच होते. सासूनं दोरीपलीकडच्या मातीकडे पाहिलं. तीही वहिनीनंच खणली होती, खतही तिनंच घातलं होतं.

"हाक मारू का त्याला?" सासूनं विचारलं.

वहिनी नको म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, मारा. तोवर काकांनी खिडकी लावून घेतली होती. दिवे लागायची वेळ होती आणि डासांसाठी सगळेच त्या वेळी खिडक्या लावतात.

रविवारी सकाळी सातला वहिनी पाणी घालायला गेली. दोरी होती तिथेच होती. अलीकडच्या बाजूला तिच्या काठ्या जशाच्या तशा. पलीकडच्या बाजूला, दोरीला समांतर, खड्डे होते. नुकतेच खणलेले, कडा स्वच्छ कापलेल्या, माती पलीकडे नीट रचलेली. प्रत्येक खड्डा पाण्यानं काठोकाठ भरलेला.

तिनं हातातली काठी आडवी धरून दोन खड्ड्यांमधलं अंतर मोजलं. मग आपल्या दोन काठ्यांमधलं मोजलं. एकच होतं. कालच्या तिच्या रांगेवरून कुणीतरी माप घेऊन खणलं असावं, इतकं तंतोतंत. ती लगबगीनं सासूला बोलवायला वळली.

नवरा तोवर दात घासत मागच्या दारात आला होता. त्यानं खड्डे बघितले, तोंडातला फेस थुंकला आणि म्हणाला, जुन्या कुंपणाची झुडपं एवढ्याच अंतरावर होती. मुळं काढताना त्यानं पाहिलं होतं. दाट कुंपण करायचं तर एवढंच अंतर ठेवतात.

"डेलियालाही एवढंच ठेवतात," वहिनी म्हणाली.

"हो ना," नवरा म्हणाला.

सासूनं काकांच्या दारापर्यंत फेरी मारली. दाराला कुलूप होतं. दूधवाल्याकडून कळलं ते इतकंच, की काका सहा वाजताच बस थांब्याकडे निघाले, शर्ट इस्त्रीचा होता, हाताला माती होती आणि काखेत एक मोठी रिकामी पिशवी. कुठे निघालात, असं दूधवाल्यानं विचारलं होतं. "आपल्यासाठी काही आणायचे आहे," असं काका म्हणाले. म्हणजे माझ्यासाठी असं मला वाटलं, दूधवाला म्हणाला, म्हणून मी म्हटलं, नको नको, कशाला.

त्या बाजूला दोन रोपवाटिका आहेत. एकीत फुलझाडं मिळतात, दुसरीत कुंपणाची झुडपं. दोन्हीकडे एकाच बसनं जाता येतं.

दहाच्या सुमाराला खड्ड्यांतलं पाणी जिरलं. वहिनीनं झारी भरून आणली आणि दोरीच्या अलीकडे उभी राहून, हात लांब करून, ते पुन्हा भरले. सासू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. उरलेल्या कंदांचं खोकं वहिनीनं बाहेर आणून पायरीवर सावलीत ठेवलं.

दुपारी दोनपर्यंत काकांच्या दाराचं कुलूप निघालेलं नव्हतं.